लाखभर इलेक्ट्रॉन आणि साडेबारा नॅनोसेकंद

जुन्या डेस्कटॉपमधल्या रॅमच्या पट्टीवर एक स्टिकर असतो. त्यावर कंपनीचं नाव असतं, २ जीबी किंवा ४ जीबी असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा बाजूला बारीक अक्षरांत चार आकडे असतात: ५-५-५-१८. रॅम घेताना आपण किती जीबी ते विचारतो, फार तर किती मेगाहर्ट्झ ते विचारतो. या चार आकड्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण त्या सबंध पट्टीवरची सगळ्यांत विलक्षण गोष्ट हीच आहे, असं माझं ठाम मत आहे.

कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये शिरलात, की हेच आकडे पडद्यावर भेटतात, आणि तिथे ते तुम्हाला बदलता येतात. ५ चे ४ करता येतात. शेजारीच रॅमचं व्होल्टेज असतं, १.८, ते २.० किंवा २.१ करता येतं. बदल साठवून बाहेर पडलं की तीनपैकी एक गोष्ट होते. मशीन थोडं चपळ होतं, किंवा पडदा काळाच राहतो, किंवा सगळं सुरळीत वाटतं आणि तासाभराने एखादी फाइल उघडेनाशी होते. त्या एका आकड्याने तुम्ही नेमकं कशाला हात लावलात?

उत्तर शोधायला एक खरं मशीन समोर घेऊ. जानेवारी २००७ मध्ये इंटेलचा कोअर टू क्वाड क्यू६६०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर आला. त्याच वर्षी पी३५ हा चिपसेट आला. या जोडीला डीडीआर२-८०० जातीच्या रॅमच्या दोन पट्ट्या लावायच्या, की झाला त्या काळचा झकास डेस्कटॉप. ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मशीन जास्त वेगाने पळवण्याचा नाद अनेकांना याच जोडीने लावला. शिवाय हे मशीन शिकायला फार चांगलं, कारण यात प्रत्येक गोष्ट वेगळी दिसते आणि वेगळी फिरवता येते.

आता पट्टीच्या आत जाऊ. २ जीबीच्या पट्टीत किती कप्पे असतात? सुमारे १,७१८ कोटी. प्रत्येक कप्प्यात एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक. आणि प्रत्येक कप्प्याची रचना थक्क व्हावं इतकी साधी: एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, बास. कपॅसिटरमध्ये विजेचा भार साठलेला असेल तर एक, नसेल तर शून्य. ट्रान्झिस्टर म्हणजे त्याचं दार.

किती भार साठतो त्यात? या कपॅसिटरची धारकता पंचवीस-तीस फेम्टोफॅरड, म्हणजे फॅरडच्या दहा लाख अब्जाव्या भागाच्या पंचवीस-तीस पट. हिशेब केला तर एका कप्प्यातला एक आणि शून्य यांच्यातला फरक साधारण लाखभर इलेक्ट्रॉनांचा निघतो. लाख हा आकडा मोठा वाटतो? एक अँपिअरचा प्रवाह वाहणाऱ्या तारेतून दर सेकंदाला सहा अब्ज अब्ज इलेक्ट्रॉन जातात. त्यापुढे लाख म्हणजे काहीच नाही. तुमच्या पत्रातलं एक अक्षर, फोटोतला एक ठिपका, बँकेच्या हिशेबातला एक आकडा अशा मूठभर इलेक्ट्रॉनांच्या जिवावर तिथे टिकून असतो.

ही कल्पना रॉबर्ट डेनार्ड यांची. अमेरिकेत आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात ते काम करत होते. १९६६ मध्ये दुसऱ्या एका गटाचं चुंबकीय स्मृतीवरचं सादरीकरण त्यांनी ऐकलं. त्या गटाची रचना फार सोपी होती, आणि आपण मात्र एका बिटासाठी सहा-सहा ट्रान्झिस्टर खर्च करतो, हे त्यांना डाचत राहिलं. त्याच संध्याकाळी घरी विचार करताना त्यांना दिसलं, की भार साठवायला एक कपॅसिटर आणि त्याला एक दार एवढं पुरेल. ४ जून १९६८ रोजी त्यांना पेटंट मिळालं. आज जगातल्या जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरच्या आणि मोबाइलच्या मुख्य स्मृतीत त्यांचाच कप्पा आहे. २०२४ मध्ये ते गेले. आपल्याकडे त्यांचं नाव फार थोड्यांनी ऐकलेलं असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इतक्या सोप्या रचनेची किंमत काय? गळती. ट्रान्झिस्टरचं दार बंद असलं तरी भार हळूहळू झिरपून जातो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक कप्पा एकदा वाचून पुन्हा भरावा लागतो. याला रिफ्रेश म्हणतात. ६४ मिलिसेकंदांत ८,१९२ आज्ञा, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक. हा लेख तुम्ही कॉम्प्युटरवर वाचत असाल तर त्याच्या रॅममधला प्रत्येक बिट सेकंदाला निदान पंधरा वेळा पुसट होऊन पुन्हा गिरवला जातो आहे. आपण ज्याला साठवण म्हणतो, ती खरं तर न थांबणारी उजळणी आहे.

पण ६४ मिलिसेकंद हा आकडा सगळ्यांत कमजोर कप्प्यासाठी ठरवलेला आहे, तोही चिप तापलेली असताना. बाकीच्यांची धारणा कितीतरी मोठी असते. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की वीज तोडल्यावरही रॅममधली माहिती काही सेकंद शिल्लक राहते. उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेली पट्टी उपसून दुसऱ्या यंत्रात लावली, तरी माहिती वाचता येते. त्यांचा हेतू संगणक-सुरक्षेतलं भगदाड दाखवण्याचा होता. आपल्याला त्यातून वेगळी गोष्ट कळते: कारखान्याने ठरवलेली मर्यादा आणि प्रत्यक्ष निसर्गाची मर्यादा यांत बरंच अंतर आहे. सगळं ओव्हरक्लॉकिंग या अंतरात चालतं.

आता वाचायचं कसं ते बघू, कारण ते चार आकडे तिथेच जन्माला येतात.

कप्पे ओळी आणि रकाने अशा जाळ्यात मांडलेले असतात. एका रकान्यातल्या सगळ्या कप्प्यांना मिळून एक लांब तार असते. कप्प्याचं दार उघडलं की त्यातला भार या तारेवर सांडतो. पण तार कप्प्यापेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे तिच्यावरचं व्होल्टेज जेमतेम एक-दशांश व्होल्टने हलतं. एवढीशी हालचाल ओळखायची कशी?

इथे सोनाराचा तराजू डोळ्यांसमोर आणा. तारा जोडीजोडीने असतात. वाचण्याआधी दोन्ही तारा बरोबर निम्म्या व्होल्टेजवर आणून ठेवतात: पारडी समतोल. मग कप्प्याचं दार उघडतं आणि एका पारड्यात गुंजभर वजन पडतं, किंवा तिथून तेवढंच कमी होतं. काटा किंचित कलतो. सेन्स अ‍ॅम्प्लिफायर नावाचं छोटं मंडल टपून बसलेलंच असतं. कल दिसताक्षणी ते त्याच बाजूला जोर लावतं आणि कललेलं पारडं तळापर्यंत नेतं. आता उत्तर निःसंदिग्ध: पूर्ण व्होल्ट किंवा शून्य. आणि खरी करामत पुढेच आहे. वाचताना कप्पा रिकामा झाला होता ना? दार अजून उघडंच असतं, त्यामुळे तळाला गेलेल्या पारड्याचं पूर्ण व्होल्टेज उलट वाहत जाऊन कप्पा पुन्हा भरून टाकतं. वाचण्याने माहिती पुसली जाते आणि त्याच क्रियेने ती पुन्हा लिहिली जाते.

हे एका कप्प्याचं झालं. पण दार एकट्या कप्प्याचं उघडत नाही, अख्खी ओळ उघडते. आपल्या पट्टीवर आठ चिप एकत्र काम करतात आणि प्रत्येकीत एका ओळीला ८,१९२ कप्पे असतात. म्हणजे तुम्ही एक अक्षर मागितलंत, तरी ६५,५३६ तराजू एका वेळी कलतात, तळ गाठतात आणि ६५,५३६ कप्पे पुन्हा भरले जातात. एवढ्या सगळ्यांतून प्रोसेसर एका खेपेत फक्त ६४ बाइट उचलतो.

ओळ आणि रकाना अशी दोन टप्प्यांत हाक का मारायची, एकदमच पूर्ण पत्ता का द्यायचा नाही? १९७३ च्या सुमारास मॉस्टेक कंपनीने ४,०९६ बिटांची चिप काढली, त्या चिपमध्ये याचं उत्तर आहे. एवढ्या बिटांच्या पत्त्याला बारा तारा लागतात. मॉस्टेकने सहाच तारांवरून पत्ता दोन हप्त्यांत पाठवला, आधी ओळ, मग रकाना. त्यामुळे इतरांच्या २२ पायांच्या चिपऐवजी १६ पायांची लहान, स्वस्त चिप झाली. ती पद्धत पिढ्यान्‌पिढ्या टिकली, आणि तिचेच दोन हप्ते आज तुमच्या बायोसमध्ये वेगवेगळ्या आकड्यांच्या रूपाने बसले आहेत.

तर ते चार आकडे, म्हणजेच रॅमची टायमिंग. स्टिकरवरचा क्रम घडण्याच्या क्रमाप्रमाणे नसतो, म्हणून मी घडतं तसं सांगतो.

दुसरा आकडा टीआरसीडी. ओळ उघडल्यापासून काटा स्पष्ट कलेपर्यंत थांबायचा वेळ. पहिला आकडा सीएल, किंवा सीएएस लेटन्सी. रकाना मागितल्यापासून माहितीचा पहिला तुकडा चिपच्या पायांवर येईपर्यंतचा वेळ. चौथा, सगळ्यांत मोठा, टीआरएएस. ओळ किमान एवढा वेळ उघडी ठेवलीच पाहिजे, नाहीतर कप्पे पुरते भरायच्या आत दार लागेल. आणि तिसरा टीआरपी. ओळ बंद करून दोन्ही पारडी पुन्हा समतोल करायला लागणारा वेळ.

यातला टीआरएएस मला सगळ्यांत गूढ वाटतो. तो फार कमी केला तर आत्ताचं वाचन बरोबरच येतं. चूक पुढच्या वाचनात उगवते, कारण कप्पा अर्धवट भरलेला राहिला आणि मग त्याची गळती सुरू झाली. कारण एका क्षणी आणि परिणाम दुसऱ्याच क्षणी! म्हणूनच असे दोष शोधणं इतकं अवघड असतं.

आकडे कसले आहेत? सेकंदांचे नाहीत, ठोक्यांचे. डीडीआर२-८०० चं घड्याळ सेकंदाला ४० कोटी ठोके देतं. नावातले ८०० कुठून आले? प्रत्येक ठोक्याला माहिती दोनदा पाठवली जाते म्हणून. एक ठोका म्हणजे २.५ नॅनोसेकंद. पाच ठोके म्हणजे साडेबारा नॅनोसेकंद. एवढ्या वेळात निर्वात पोकळीतला प्रकाशसुद्धा पावणेचार मीटरच जातो.

आता हा साडेबाराचा आकडा हातात धरून पिढ्या चढून बघा. डीडीआर-४०० ला सीएल ३: १५ नॅनोसेकंद. डीडीआर२-८०० ला ५: साडेबारा. डीडीआर३-१६०० ला ११: पावणेचौदा. डीडीआर४-३२०० ला प्रमाणित २२: पुन्हा पावणेचौदा. डीडीआर५-४८०० ला ४०: साडेसोळाच्या वर! माहिती वाहण्याचा वेग चारशेवरून अठ्ठेचाळीसशेवर गेला, बारापट झाला. पहिल्या तुकड्यासाठीची वाट बघणं मात्र तिथल्या तिथे.

असं कसं? वेग वाढवताना कप्प्यांना कुणी घाई केलीच नाही. डीडीआर-४००, डीडीआर२-८०० आणि डीडीआर३-१६००, तिन्हींच्या पोटातलं कप्प्यांचं जाळं सेकंदाला २० कोटी ठोक्यांवरच चालतं. फरक इतकाच, की दर ठोक्याला जाळ्यातून एका वेळी उचलायचे बिट आधी दोन होते, मग चार झाले, मग आठ. दाराशी गर्दी वाढली आणि बाहेरचा रस्ता वेगवान झाला. आतला तराजू आपल्याच गतीने कलतो, कारण त्याची गती तारेची लांबी, तिचा रोध आणि लाखभर इलेक्ट्रॉन यांनी ठरते. तंत्रज्ञांनी ठरवलं असतं तर जाळं आणखी वेगवान करता आलं असतं. तारा आखूड करायच्या, सेन्स अ‍ॅम्प्लिफायर जास्त बसवायचे. पण मग तेवढ्याच सिलिकॉनमध्ये कप्पे कमी मावतात आणि जीबीमागे किंमत वाढते. बाजाराने नेहमी जीबी निवडले.

हे एकदा ध्यानात आलं की ओव्हरक्लॉकिंगमधला पहिला चकवा आपोआप उलगडतो. क्यू६६०० चा वेग असा ठरतो: मूळ घड्याळ २६६ मेगाहर्ट्झ, त्याची नऊपट म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. वेग वाढवायचा तर मूळ घड्याळ ३३३ करायचं, प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर जातो. पण रॅमचं घड्याळ याच मूळ घड्याळाशी एका गुणोत्तराने बांधलेलं असतं. २६६ ला दीडपट करून ४०० येत होते. तेच गुणोत्तर ठेवलंत तर ३३३ ची दीडपट ५०० होते, म्हणजे डीडीआर२-१०००. आता ठोका २ नॅनोसेकंदांचा झाला. बायोसमध्ये अजून ५ च दिसतात, तुम्ही तर रॅमला हातही लावला नाही. तरी तराजूला मिळणारा वेळ साडेबारावरून १० नॅनोसेकंदांवर आला, आणि टीआरएएस ४५ वरून ३६ वर. आकडा तोच, सक्ती वेगळी. मशीन सुरू न होण्याचं खापर प्रोसेसरवर फुटतं आणि दोष असतो इथे. उपाय सोपा: गुणोत्तर ५:६ करा, रॅम पुन्हा ४०० वर येते. आधी प्रोसेसरचं बघून घ्या, रॅमचं नंतर.

उलटंही खरं आहे. डीडीआर२-६६७ ला सीएल ४ म्हणजे १२ नॅनोसेकंद, डीडीआर२-८०० ला सीएल ५ म्हणजे साडेबारा. चार दिसले म्हणून हुरळून जायचं नाही आणि पाच दिसले म्हणून नाक मुरडायचं नाही. आधी ठोक्याच्या लांबीने गुणायचं, मग बोलायचं.

आता व्होल्टेज. तराजूचीच भाषा चालवायची तर, जास्त व्होल्टेज म्हणजे पारड्यात पडणारं वजन जास्त आणि काटा ढकलणारा हात जोरकस. कल लवकर स्पष्ट होतो, म्हणून कमी ठोके पुरतात. सगळ्याच चिप यामुळे सारख्या खूश होत नाहीत, कारण बाहेरून आलेलं व्होल्टेज आत कसं वापरायचं हे प्रत्येक रचनेत वेगळं असतं. डीडीआरच्या काळातल्या विनबॉन्डच्या बीएच-५ चिपची ख्याती अशी, की प्रमाण २.५-२.६ व्होल्टऐवजी ३.३ किंवा त्याहून जास्त द्यावेत आणि तिने २-२-२-५ वर धावावं. डीएफआय कंपनीने तर लॅनपार्टी एनएफ४ मालिकेच्या मदरबोर्डवर रॅमला ४ व्होल्टपर्यंत द्यायची सोय ठेवली होती. त्याच काळातली सॅमसंगची टीसीसीडी चिप मात्र जादा व्होल्टेजने फारशी खुलत नसे. तिचा गुण होता बेताच्या व्होल्टेजवर उंच घड्याळ पेलण्याचा. डीडीआर२ मध्ये मायक्रॉनच्या डी९ चिपना असाच मान मिळाला. शौकीन लोक पट्टीवरचं कंपनीचं नाव बघत नसत, आतली चिप कुणाची ते विचारत.

पण व्होल्टेज फुकट मिळत नाही. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.८ चे २.१ केले, म्हणजे व्होल्टेज सतरा टक्के वाढलं, तर उष्णता सुमारे छत्तीस टक्के वाढते. आणि कप्प्याची सगळ्यांत मोठी वैरीण उष्णताच, कारण तापलेल्या कपॅसिटरची गळती वाढते. गळती इतकी वाढते, की चिप ८५ अंशांपलीकडे गेली तर रिफ्रेश दुप्पट वेळा करावा, असा नियमच आहे. म्हणजे ज्या व्होल्टेजने तुम्ही तराजूला जोर देता, तेच व्होल्टेज मागच्या दाराने कप्पे रिकामे करतं! म्हणून व्होल्टेज वाढवून फायदा होतो तो एका उंचीपर्यंत, त्यापुढे जितकं वाढवाल तितक्या चुका वाढतात. डीडीआर२ चं प्रमाण व्होल्टेज १.८, एक-दशांश इकडे किंवा तिकडे, आणि चिपला इजा होऊ नये म्हणून घातलेली निर्वाणीची मर्यादा २.३. माझ्या मते घरच्या मशीनला २.१ च्या पुढे जायचं कारण नाही, आणि तेसुद्धा पट्टी बनवणाऱ्याने तेवढं सांगितलं असेल तर.

इथे डेनार्ड पुन्हा भेटतात. १९७४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत आणखी एक शोधनिबंध लिहिला. ट्रान्झिस्टर जितका लहान कराल तितकंच व्होल्टेजही कमी करा, मग दर चौरस मिलिमीटरची उष्णता वाढत नाही, असा त्याचा गाभा. २.५, १.८, १.५, १.२, १.१ ही डीडीआरपासून डीडीआर५ पर्यंतची व्होल्टेजची उतरंड त्याच वाटेने गेलेली आहे. एकाच माणसाने कप्पाही दिला आणि त्याला लहान करत नेण्याचा नियमही!

आता बाहेरचा प्रवास. मदरबोर्डवर रॅमच्या खाचांपासून चिपसेटपर्यंत तांब्याच्या रेषा जातात. नीट बघा, त्यांतल्या काही सरळ न जाता मुद्दाम नागमोडी वळणं घेतात. कशासाठी? सगळ्या रेषांची लांबी सारखी व्हावी म्हणून. डीडीआर२-८०० वर एक बिट सव्वा नॅनोसेकंद टिकतो, आणि बोर्डावरच्या तांब्यात विजेचा संकेत तेवढ्या वेळात अठरा-एकोणीस सेंटिमीटर जातो. एखादी रेष दोन-तीन सेंटिमीटर आखूड राहिली तर तिच्यावरचा बिट सोबत्यांच्या आधी पोचेल आणि शब्द विस्कटेल. शिवाय तारेच्या टोकाला पोचलेला संकेत आपटून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटात मिसळतो. तो शोषून घेणारे रोध डीडीआर२ पासून चिपच्या आतच बसवले गेले. दोनऐवजी चार पट्ट्या लावल्या की हे ओझं वाढतं, म्हणून चार पट्ट्यांवर तीच टायमिंग बसत नाहीत, आणि कमांड रेट १टी चा २टी करावा लागतो. म्हणजे आज्ञा स्थिरावायला एक ठोका जास्त द्यायचा.

या सगळ्या वाहतुकीचा मुकादम म्हणजे मेमरी कंट्रोलर. पी३५ च्या काळात तो नॉर्थब्रिज नावाच्या वेगळ्या चिपमध्ये बसायचा, आणि त्याच्याकडे एक आकडा असायचा ज्याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करत: टीआरडी, काही बायोसमध्ये परफॉर्मन्स लेव्हल. रॅमकडून आलेली माहिती प्रोसेसरच्या घड्याळाशी जुळवून घेण्यासाठी नॉर्थब्रिज किती ठोके थांबतो, ते हा आकडा सांगतो. हे ठोके मूळ घड्याळाचे, ३३३ मेगाहर्ट्झला प्रत्येकी ३ नॅनोसेकंदांचे. सीएल एकने उतरवायला तुम्ही व्होल्टेज वाढवता, पट्टी तापवता आणि अडीच नॅनोसेकंद वाचवता. टीआरडी एकने उतरवला तर तीन वाचतात, तेही प्रत्येक वाचनात, आणि रॅमला त्याचा पत्ताही नसतो. नॉर्थब्रिजला १.२५ व्होल्टवर थोडी भर घालावी लागते, इतकंच. या मशीनवर एकच आकडा फिरवायची परवानगी मिळाली, तर मी हाच फिरवीन.

पुढे एएमडीप्रमाणे इंटेलनेही २००८ च्या अखेरीस कंट्रोलर प्रोसेसरच्याच पोटात घेतला, आणि नवा धोका आला. रॅमला दिलेलं जादा व्होल्टेज आता थेट महागड्या प्रोसेसरच्या अंगाला लागू लागलं. म्हणून डीडीआर३ च्या त्या पहिल्या पिढीला १.६५ व्होल्टच्या वर जाऊ नका, असं इंटेलने बजावलं. त्या पिढीचा, एक्स५८ चिपसेटचा बोर्ड असलेल्यांनी ही मर्यादा पाळावी.

इतका खटाटोप करून हाती काय लागतं? ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एका नॅनोसेकंदात तीन ठोके टाकतो. अशा मशीनवर रॅमकडे मागितलेली गोष्ट प्रोसेसरच्या हाती पडायला एकूण साठ ते ऐंशी नॅनोसेकंद जातात, म्हणजे त्याचे दोनशेच्या आसपास ठोके. एका हाकेसाठी दोनशे ठोके हात बांधून उभं राहायचं! म्हणून तर क्यू६६०० च्या पोटात ८ एमबी कॅश आहे, सारखं लागणारं जवळच ठेवायला. कॅशमध्ये सापडलं तर रॅमच्या टायमिंगचा संबंधच येत नाही. त्यामुळे टाइप करताना, गाणी ऐकताना काही फरक पडत नाही. फाइलींचं मोठं गाठोडं झिपमध्ये बांधताना, पसरट हिशेब चालवताना, काही खेळांत काही टक्के मिळतात. काही टक्केच. प्रोसेसर २.४ वरून ३ वर नेल्याचा फायदा याहून कितीतरी मोठा.

आणि जोखीम? रॅमची चूक आरडाओरडा करत नाही. १,७१८ कोटींतला एक बिट उलटा झाला, तर तो कदाचित रिकाम्या जागी असेल. कदाचित फोटोत असेल, आणि तो फोटो तुम्ही तसाच डिस्कवर साठवाल. म्हणून तपासणी हा या कामाचा अर्धा भाग आहे. मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम १९९४ पासून हेच करतो आहे: ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधीच रॅमचा ताबा घेऊन तिच्यात ठरावीक नक्षी लिहायची, वाचायची, उलटी करून पुन्हा लिहायची. त्यानंतर प्राइम९५. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या, अवाढव्य मूळसंख्या शोधणाऱ्या प्रकल्पाचा हा कार्यक्रम. अपूर्णांकांत चालणाऱ्या त्याच्या गुणाकारांची उत्तरं पूर्णांकाच्या अगदी जवळच यायला हवीत, ती ०.४ हून जास्त ढळली तर कुठेतरी बिट उलटला हे त्याला कळतं. मूळसंख्या शोधण्यासाठी घातलेला पहारा रॅमचे दोष पकडायला कामी आला.

तपासणी कोणत्या ऋतूत केली हेही महत्त्वाचं. जानेवारीत रात्रभर निर्दोष चाललेली टायमिंग चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, खोलीच चाळिशीला टेकलेली असताना, चुका देऊ शकतात. विदर्भातल्या वाचकांनी आपली मर्यादा उन्हाळ्यात ठरवावी आणि वर्षभर तीच ठेवावी.

घरात असा जुना डेस्कटॉप पडून असेल तर हे करून बघा. आधी त्यातल्या कामाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. बायोसमधले मूळ आकडे कागदावर लिहून घ्या. मदरबोर्डवर सीमॉस, म्हणजे बायोसमधले साठवलेले आकडे, पुसायचा जंपर कुठे आहे तेही पाहून ठेवा, पडदा काळा राहिला तर वीज बंद करून तोच फिरवायचा आहे. मग एका वेळी एकच आकडा एकानेच कमी करा, व्होल्टेज जिथल्या तिथे राहू द्या, आणि मेमटेस्ट रात्रभर चालवा. सकाळी एक जरी चूक दिसली, तर तो आकडा परत होता तिथे न्या.